वरची मूठ

"हे मापटं कुणाचं?" तालुका कचेरीतून आलेल्या योम नावाच्या कारकुनाने विचारलं.

"माझं," माक्सुन म्हणाली. "का हो साहेब?"

"पुन्हा भरा बघू. काहीतरी गडबड दिसतेय."

त्या वर्षापासून देशात किलो आला होता. लाकडी मापटी बाजारातून गोळा करून जाळायची, असा वरून हुकूम होता. पण जाळण्याआधी जुन्या मापट्याचे किलोत किती होतात ते काढून योमला नव्या भावांची पाटी लिहायची होती. म्हणून तो रांगेतल्या प्रत्येकीचं मापटं सोयाबीनने भरून, वरून दांडकं फिरवून, काट्यावर ओतत आला होता. चौघींचं वजन सारखं आलं. माक्सुनचं आलं नाही, आणि दुसऱ्यांदा भरलं तेव्हाही आलं नाही.

"दीडशे ग्रॅम कमी," योम म्हणाला.

ग्रॅम म्हणजे काय, हे तोवर त्या बाजारात कुणाला धड ठाऊक नव्हतं. ते सगळ्यांना एकदम कळलं.

शेजारच्या टोफूच्या पाटीमागून होंसॉनवाली उठली. होंसॉनहून लग्न होऊन आली म्हणून होंसॉनवाली. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. लग्न झाल्यापासून दर बाजाराला ती टोफूसाठी माक्सुनकडूनच सोयाबीन घेत आली होती.

"अहो साहेब, काटा नवा आहे तुमचा, त्याला कुठली अक्कल!" ती म्हणाली. "आमच्या ताईइतका सढळ हात नाही या बाजारात. मापट्यावर मूठ घातल्याशिवाय गिऱ्हाईक सोडत नाही ती. ताई, घाल गं तुझी मूठ. बघू दे त्यांना."

माक्सुन जागची हलली नाही.

"घाल की! लाजतेस काय नव्या नवरीसारखी?"

लोक हसले. माक्सुनने पोत्यात हात घातला आणि मूठ भरली. एवढी मोठी मूठ तिने कधी कुणाला घातली नव्हती. बोटांच्या फटींतून दाणे गळत होते. काटा जरासा पुढे सरकला आणि थांबला. चौघींच्या वजनापर्यंत काही तो पोचला नाही.

योमने रिकामं मापटं उचललं, आत बोटाने वाजवून पाहिलं आणि चाकूच्या टोकाने तळाची पातळ फळी उचकटली. फळीखाली आणखी एक तळ होता, तो खरा. कुणीतरी मागे "अगं बाई" म्हणालं.

"दंड नाही करत," योम म्हणाला. "जाळायचीच आहेत." त्याने मापटं हातगाडीवर फेकलं आणि पाटी लिहायला बसला. त्याने दंड केला असता तर बरं झालं असतं, असं माक्सुनला वाटलं. दंड भरून माणूस मोकळा तरी होतो.

फळी तिच्या नवऱ्याने युद्धाच्या साली बसवली होती. तो वारला तेव्हा ती काढता आली असती. काढते, काढते म्हणत एक हिवाळा गेला, मग दुसरा गेला. घरात दोन मुली होत्या आणि खायला तिसरी सासू. फळी निघाली नाही, पण वरची मूठ सुरू झाली. आधी ती निव्वळ भीतीपोटी होती. मग लोक सढळ हात म्हणू लागले, कुणी मुळे आणून दिले, कुणी सणाला अंडी. ते घेता घेता आपला हात खरंच सढळ आहे असं तिलाही वाटू लागलं. फळीची आठवण मापटं धुताना तेवढी यायची, आणि मापटं काही ती रोज धूत नसे.

लोक आपापल्या कामाला गेले. होंसॉनवाली खाली पडलेल्या फळीकडे बघत उभीच होती.

"ताई, एका मापट्यात टोफूच्या वड्या किती निघतात, ठाऊक आहे तुला?"

माक्सुन खाली सांडलेले दाणे वेचू लागली.

"माझ्या सासूबाईंना ठाऊक होतं. मोजायच्या त्या. दर खेपेला कमी. दाणे चोरून माहेरी धाडते म्हणायच्या. भरल्या ताटावरून उठवलंय मला. आणि मी काय सांगायचे? ताईला नावं ठेवू नका, ती तर वर मूठ घालते." हे सगळं ती भाव विचारावा तशा आवाजात बोलली. "गेल्या त्या तसंच समजून."

संध्याकाळी माक्सुन डोक्यावर सोयाबीनचं पोतं घेऊन तिच्या अंगणात गेली. होंसॉनवाली चुलीवरची कढई ढवळत होती.

"हे कुणाला?"

"तुला. इतक्या वर्षांचं जे काय कमी पडलं असेल…"

"मला कशाला? मी उपाशी राहिले ते जिरलं. सासूबाईंना नेऊन दे. टेकडीवर थडग्यात आहेत त्या. त्यांच्यापुढं मोज."

माक्सुनने पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं. गल्लीतून जाताना तिला तोंड लपवायचं होतं, पण डोक्यावर ओझं असलं की मान ताठ ठेवावी लागते. दारात बसलेल्या सगळ्यांनी तिला नीट पाहिलं.

पुढच्या बाजाराला जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी गेली, कारण दुसरं काही तिला येत नव्हतं. पुढ्यात नवा काटा होता. गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही; पण पूर्वी लोक तिच्या तोंडाकडे बघत गप्पा मारायचे, आता काट्याकडे बघत गप्प उभे राहायचे. होंसॉनवालीने रांगेच्या टोकाला जाऊन दुसरीकडून सोयाबीन आणलं आणि पुन्हा दोन हातांवर येऊन बसली. ज्याची त्याची जागा ठरलेली होती, बदलून जाणार कुठे?

दुपारी एक तरुण सून आली. कडेवर पोर, तोंडात आईच्या चोळीची नाडी. गावात नवीन होती, तिला कशाचाच पत्ता नव्हता. तिने किलोभर जव मागितले. काटा बरोबर किलोवर आला.

"आजी, वर घाला की मूठभर. लेकुरवाळी आहे मी."

माक्सुनचा हात पोत्यात गेला. किलो पुरता भरलेला होता. आता घातली असती तर ती मूठ तिच्या हातून पहिल्यांदाच खरी पडली असती. तिला ती फार फार घालावीशी वाटली. शेजारी टोफू कापणारी सुरी थांबली होती. ते तिला न बघताही कळलं.

तिने हात रिकामा बाहेर काढला.

"काट्यावर आलं तेवढंच, पोरी."

"एक मूठ हो! तेवढ्यानं काय भिकेला लागणार आहात?"

"तेवढंच."

सुनेने गाठोडं बांधलं आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय चिक्कू म्हातारी आहे! अशा लोकांना बाजारात बसू तरी कशाला देतात?"

शेजारी सुरी पुन्हा टोफूवर चालू लागली.

"हो," माक्सुन म्हणाली, आणि हाताला चिकटलेले जवाचे दोन-चार दाणे पोत्यात झटकून टाकले.