हापशाचा निळा रंग

लाज कोळून प्यायलेला माणूस कसा दिसतो हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने थोरलीच्या दिराला बघावं. सकाळी उठायचं, अंगणात खुर्ची टाकायची, पायावर पाय चढवायचा आणि हापशावर पाणी भरायला आलेल्या बायकांना हुकूम सोडायचे. “ए, तू मागे हो. हिचं आधी. हंडा नीट लाव, सांडवू नकोस.” जसं काही पाणी ह्याच्या बेंबीतून येत होतं! भोक पाडणाऱ्याने पाडलं, नळी घालणाऱ्याने घातली. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा अंगणाचा तेवढा तुकडा ह्या धाकट्याच्या वाट्याला गेला, हाच काय तो त्याचा पराक्रम. पण त्या एका दांड्याच्या जोरावर सगळी गल्ली त्याला ‘मालक’ म्हणायची, आणि म्हटलं की त्याची मान पारव्यासारखी फुगायची.

मग एक दिवस पाणी तपासणारी बाई आली. तिने बाटलीत पाणी धरलं, त्यात कसलीशी पूड टाकली, पट्टी बुडवली, आणि पट्टीचा रंग बघून तिचं तोंड उतरलं. पिशवीतून डबा काढून तिने हापशाच्या तोटीला लाल रंगाचा पट्टा मारला. “हे धुण्याभांड्याला वापरा. प्यायचं नाही, यात काही शिजवायचंही नाही. जमिनीतलंच विष आहे. चवीला कळत नाही, उकळून जात नाही. वर्षानुवर्षं प्यायलं की अंगावर दिसायला लागतं.” गोदामापलीकडच्या हापशाला तिने निळा पट्टा मारला. तो पिण्याचा.

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. तिला तिच्या नवऱ्याचे हात आठवले. शेवटच्या वर्षांत तळव्यांवर खिळ्यांच्या डोक्यांसारखे टणक काळे ठिपके आले होते, ताटातला घास धरताना सोलवटायचे. सगळ्यांनी म्हटलं, कष्टाचे हात आहेत. तिनेही तेच म्हटलं होतं. ती दारातून वळली. घरात गेली, पिण्याचा माठ उपडा केला आणि सुनेला सांगितलं, “आजपासून गोदामावरचं.”

गोदामाचा रस्ता सोपा नव्हता. मालाचे ट्रक धूळ उडवत जायचे आणि वाटेत सावलीला एक झुडूप नव्हतं. तरी गल्ली तिकडे वळली. धाकट्याचं अंगण ओस पडलं. खुर्ची तीच, पाय तसाच चढवलेला, पण हुकूम ऐकायला समोर एक कोंबडीसुद्धा नाही. ‘मालक’ म्हणणारी तोंडं नुसती मान हलवून पुढे जायला लागली. हे काही त्याच्या पचनी पडेना.

आणि एका सकाळी हापसा निळा झाला.

नुसती तोटी नव्हे, दांडा निळा, खांब निळा, खालच्या ओट्यावरही ओघळ आलेले. धाकटा खुर्चीत बसून सगळ्यांना सांगत होता, “बाई येऊन गेली परवा. पुन्हा तपासलं. आत गाळ बसला होता, तो निघून गेला. आता पाणी चोख.”

सोयीची बातमी खोटी कोण ठरवतं? दुपारपर्यंत अंगणात पहिल्यासारखी रांग लागली.

“ती बाई गल्लीत आली आणि मला दिसली नाही?” थोरली म्हणाली. “दारात बसून असते मी दिवसभर. कुत्रं आलं तरी मला ठाऊक असतं कुणाचं ते.”

“तुमचा डोळा लागला असेल, वहिनी.”

“माझा? दुपारी? तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून दुपारी झोपले नाही मी.”

तिने कमरेची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर तोटीवर खरवडलं. निळ्याखालून लाल निघाला. “हे बघा! बघा डोळे उघडून!”

धाकटा खो खो हसला. “मग खाली काय पिवळा निघणार होता? आधी लाल होता, पास झाला म्हणून वरून निळा दिला. वहिनी, अहो, रंग वरूनच देतात.”

बायकाही हसल्या. एक म्हणाली, “वाटण्या झाल्यापासून थोरल्या काकूंच्या पोटात तो हापसा दुखतोय.” दुसरी म्हणाली, “एवढं आहे तर स्वतःच्या अंगणात पाडून घ्या की एक.” आता खोटं कशाला सांगा, गल्लीत असं एक घर नव्हतं ज्याला थोरलीच्या जिभेचा चटका बसला नव्हता. कुणाच्या भाकरीला नाव ठेवलेलं, कुणाच्या सुनेला, कुणाच्या चालीला. वेळ आली तेव्हा तिच्या बाजूने एक मान हलली नाही. किल्ली कमरेला खोचून ती घरात आली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

घरात तर त्याहून वाईट. सून पोटुशी, सातवा लागलेला. तिने हापशावरून हंडा भरून आणला होता.

“ओत ते मोरीत,” थोरली म्हणाली.

“आई, निळा आहे आता.”

“लाकडाला शेंदूर फासला म्हणून ते देव होतं का गं?”

“तुमचं आणि काकांचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. माझी कंबर मोडलीय त्या रस्त्याने. पाय बघा कसे सुजलेत.” आणि तिने तिथेच, सासूच्या डोळ्यादेखत, तांब्या भरला आणि घटाघटा प्यायली.

थोरलीने आयुष्यात पुष्कळांना बोलून गप्प केलं होतं. पोटातल्या जिवाला विष चाललंय आणि पाजणारी आपल्यासमोर ओठ पुसतेय, इथे मात्र बोलून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः गोदामावर जाऊ लागली. गुडघे बोंबलायचे, हंडा अर्धाच भरायची, वाटेत मैलाच्या दगडावर टेकायची. आणून वेगळ्या माठात ओतायची आणि सुनेला म्हणायची, “हे पी.” सून समोर प्यायची. पाठ फिरली की दुसऱ्या माठात तांब्या बुडाल्याचा आवाज यायचा, कारण अर्ध्या हंड्यात पोटुशीची तहान कशी भागणार, आणि स्वयंपाक कशात करणार?

गोदामाच्या ह्या खेपांतच तिला धाकटी दिसली. धाकटी म्हणजे तिची जाऊ, धाकट्याची बायको. डोक्यावर धुण्याची टोपली, वर हिरव्या पट्ट्यांची चादर पांघरलेली, भराभरा चाललेली.

“काय गं, धुवायला इतक्या लांब?”

“इथला दगड चांगला आहे, जाऊबाई.”

दगड चांगला! घरच्या हापशाला हात लावला की पाणी, आणि ही टोपली घेऊन ऊन तुडवतेय. दुसऱ्या दिवशी तीच चादर. तिसऱ्या दिवशीही तीच. त्या चादरीवर असं काय सांडत होतं रोज? थोरली आपल्या दारात शेंगा सोलत बसली आणि धाकटीची परत यायची वाट बघू लागली. धाकटी आली. धुतलेल्या कपड्यांची टोपली ठिबकते, पदर भिजवते, मागे थेंबांची रेघ ओढते. धाकटीच्या मागे रस्ता कोरडा ठणठणीत होता. चादरही कोरडी, वाऱ्याने फडफडत होती. मान मात्र जाताना ताठ आणि येताना खांद्यांत रुतलेली.

थोरलीने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि उठली.

अंगणात रांग भरात होती. धाकटा खुर्चीत. थोरलीची सूनही हंडा घेऊन उभी. धाकटी फाटकातून आत शिरली तशी थोरली तिच्या मागोमाग शिरली आणि अगदी गोडीत म्हणाली, “दे गं, धरते. मान अवघडली असेल तुझी.”

“नको, नको, जाऊबाई, मी...”

पण थोरलीने टोपलीची कड धरली होती. ओढाओढीत टोपली कलंडली. चादर घसरली, आणि आतून पाण्याने भरलेला पत्र्याचा डबा धप्पकन ओट्यावर आदळला. झाकण उडालं. स्वच्छ पाणी बायकांच्या पायांवरून वाहत गेलं.

हापशाचा दांडा धरलेल्या बाईने दांडा सोडला.

“हे गोदामावरचं,” थोरली म्हणाली. “आता कुणीतरी मला सांगा. घरात चोख पाणी असताना मालकाची बायको चादरीखाली लपवून दुसरीकडचं पाणी का आणते?”

“तिचं पोट नाजूक आहे,” धाकटा खुर्चीतून उठत म्हणाला. “वैद्याने सांगितलंय. तुम्ही घरच्या गोष्टी चव्हाट्यावर...”

“तुम्ही बसा, भाऊजी. मी तिला विचारतेय. काय गं, कुणाचं पोट नाजूक?”

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं, मग सुनेच्या पुढे आलेल्या पोटाकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. “आमचं सगळ्यांचंच,” ती म्हणाली. “हेच म्हणाले, आपल्यापुरतं तिकडून आण, पण कुणाला दिसू देऊ नकोस. ती बाई आलीच नव्हती. दाराला दिलेला निळा रंग उरला होता, तोच फासला. मी सांगणार होते, जाऊबाई, खरंच सांगणार होते.”

“कधी? पोरं म्हातारी झाल्यावर?”

रांगेतल्या एकीने भरलेला हंडा तिथेच उपडा केला. मग दुसरीने. सुनेने आपला हंडा खाली ठेवला, दोन्ही हात पोटावर घेतले आणि सासूकडे बघितलं. थोरलीने तिच्याकडे बघितलं नाही. तिला आता एकाच माणसाशी बोलायचं होतं.

“चार दिवसांचीच तर गोष्ट,” धाकटा पुटपुटत होता. “एवढ्यात कुणी मरत नाही. लोक यायचे बंद झाले होते, वहिनी. अंगण ओस पडलं होतं. माझी काही किंमत...”

थोरली खुर्चीपाशी गेली. तिने ती रिकामी खुर्ची भिंतीकडे ढकलली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भाऊजी, भुकेपोटी चोरी केली असतीत तर मी तुम्हाला पोटाशी धरलं असतं. भुकेला काही तरी कारण असतं. तुम्ही नुसतं ‘मालक, मालक’ ऐकायला मिळावं म्हणून पोटुशीला विष पाजलंत, आणि स्वतःचा तांब्या तेवढा चोख ठेवलात. आता लाल रंग आणायचा आणि ह्या सगळ्या बघताहेत तोवर स्वतःच्या हाताने हापशाला लावायचा. उद्यापासून माझ्या सुनेचं पिण्याचं पाणी गोदामावरून तुम्ही आणायचं. डोक्यावरून, भर दिवसा, आणि तिथल्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहून. हंडा माझ्या दाराबाहेर ठेवायचा आणि माघारी फिरायचं. उंबरा ओलांडायचा नाही. आत माणसं राहतात.”