उघड्या चाकांचं घड्याळ

आम्ही तेव्हा आखातात होतो. मुहर्रकच्या झोहराखालांचं फ्रेंच घड्याळ ह्यांच्याकडे दुरुस्तीला आलं, ते साल एकोणऐंशी. दुकानात धूळ फार, म्हणून हे ते घरीच घेऊन आले. त्याला तबकडी नव्हती, नुसतं आकड्यांचं कडं. आतली चाकं सगळी उघडी, वर काचेची घुमटी. खाली पितळेवर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं. ते वाचता येईना, म्हणून हे त्याला मास्तर म्हणत.

"मास्तरांनी काही झाकून ठेवलं नाही बघ. चुकले असते तरी दिसलं असतं."

घड्याळ चालू झालं तसं मी ते हळूच गावच्या वेळेला लावलं. आमची मालू देवरुखला सासूबाईंजवळ होती, सहा वर्षांची. तिचं जेवण झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा माझा नेम. घड्याळात आठ वाजले की देवापुढे दिवा लावून मी पानावर बसायची. बाहेर अजून ऊन असायचं.

"अडीच तास मिळवता येत नाहीत तुला?" हे चिडवत.

"मिळवता येतात. पण दिसत नाहीत ना."

चाकांकडे बघताना वाटे, आता ती पाट ओढतेय, आता भाजीला नाक मुरडतेय. एवढं बारीक काम करणाऱ्या मास्तरांचंही ताट कुणी झाकून ठेवत असेल. त्यांच्या नावानं मी एक फूल वाहायची.

घड्याळ परत द्यायच्या दिवशी हे म्हणाले, "काटे इथल्या वेळेला लाव गं." मी काट्याला बोट लावलं, आणि काढून घेतलं.

खालांच्या घरी घड्याळ मांडताना ह्यांच्या ते लक्षात आलं. "सॉरी खाला, अभी ठीक करता हूँ."

खालांनी हात आडवा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "ये किसका टाइम है?"

"मेरी बेटी का. इंडिया में है."

"मेरे को टाइम मस्जिद बताती है," खाला म्हणाल्या. "इसको रहने दो. जुम्मे को चावी देने तू आना."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी जायची. खाला घड्याळाकडे बघून दारातच सांगायच्या, "तेरी मालू का खाना हो गया होगा." मग मी किल्ली द्यायची.

दोन वर्षांनी एकदा त्यांनी विचारलं, "कितनी बडी हुई?"

मी मेजाच्या उंचीला हात धरला. ती मालू तर मी देवरुखहून निघतानाची. हात थोडा वर नेला, आणखी थोडा नेला. कुठे थांबवावा, कळेना.