माझ्या पोटातलं झेंडूचं फूल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सोनईत सुनीलभाऊंच्या फोटो स्टुडिओत मी लग्नाचे व्हिडिओ तयार करतो. मला नवीन आणलं तेव्हा लोक मुद्दाम बघायला यायचे. पंचक्रोशीतल्या कितीतरी वराती माझ्या हार्डडिस्कमध्ये नाचत आहेत. आता मात्र कौतुक लॅपटॉपचं आणि थापडा माझ्या वाट्याला.

त्या थापडांचं कारण ऐका. खंडेनवमीला सुनीलभाऊंनी कॅमेऱ्याची पूजा केली, माझीही केली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण "खरं काम तर हार्डडिस्क करती" म्हणत त्यांनी माझं झाकण काढलं, तिला कुंकू लावलं आणि तिच्या वायरीपाशी टपोरा झेंडू खोचला. वायर सैल झाली. झाकण लागलं. झेंडू आतच!

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पडद्यावर एकच ओळ: हार्डडिस्क सापडत नाही. सुनीलभाऊंनी मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग डोक्यावर थापड मारली. त्या हिसक्याने वायर टेकली आणि मी सुरू झालो. झालं! थापड हेच औषध ठरलं. रोज थापड, रोज आणखी जोरात. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

अशातच भागिरथीबाई आल्या. सोबत त्यांचे यजमान रंभाजी.

"सुनील, पोरीच्या लग्नात ह्यांनी मंगलाष्टका म्हनल्या हुत्या, तेवढ्या काढून दी बाबा. गळ्याचं आपरेशन झाल्यापून ह्यांचा आवाज गेलाय. नातीनं त्यो कधी ऐकलाच न्हाई. तू दिलेली सीडी बी चालंना."

रंभाजी नुसते हात जोडून उभे होते. तो आवाज आता फक्त माझ्याजवळ होता, आणि नेमका त्या दिवशी थापडांचाही उपयोग होईना.

सुनीलभाऊंनी संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या गोरक्षला बोलावलं. त्याने लांबूनच निदान केलं, "डिस्क गेली. नवी टाकू, ही भंगारात." अरे, आधी आत बघ तरी! माझा नुसता संताप होत होता, आणि भीतीही वाटत होती.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या रेश्मावहिनींनी, सुनीलभाऊंच्या बायकोने, विचारलं, "अहो, खंडेनवमीला आत फूल ठेवलं हुतं, ते काढलं का?"

सुनीलभाऊंनी झटकन स्क्रूड्रायव्हर उचलला. झाकण निघालं, वाळका झेंडू बाहेर आला, वायर घट्ट बसली आणि मी सुरू झालो.

"लई भक्ती तुमची," वहिनी म्हणाल्या.

मग रंभाजींचा खणखणीत आवाज स्टुडिओत घुमला. रंभाजी ऐकत होते, सोबत ओठ हलवत होते. भागिरथीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुनीलभाऊंनी लगेच सगळ्या लग्नांची दुसरी प्रत काढायला घेतली.

मित्रांनो, आमची पूजा नाही केलीत तरी चालेल. अधूनमधून धूळ पुसा, वायरी तपासा आणि आमच्याजवळ ठेवलेल्या गोष्टींची आणखी एक प्रत ठेवा. आम्ही म्हातारे, कधी कायमचे बंद पडू याचा नेम नाही.

जाताना रंभाजी माझ्यापाशी थांबले. सुनीलभाऊ जिथे थापडा मारायचे, तिथेच त्यांनी हात ठेवला आणि मला हळूच थोपटलं.