आजीच्या नावाची रजा

कॅलेंडरचं पान फाडायला च्वो वस्तादांना हल्ली डावा हात लागायचा. उजव्या हाताची तर्जनी गेल्या हिवाळ्यापासून थरथरत होती, आणि हातबाहुलीचं डोकं नेमकं त्याच बोटावर उभं असतं.

"तीन आठवडे राहिले," पान चुरगळत वस्ताद म्हणाले. "अठरा जुलै, शुक्रवार. तिनाच्या ठोक्याला देवापुढे पहिला खेळ. पोरी, ऐकतेयस ना?"

म्याओ-यिन सेनापतीच्या अंगरख्याची दोरी ओवत होती. तिचा हात थांबला.

"अठरा जुलै? वस्ताद, देवाचा वाढदिवस सतरा ऑगस्टला आहे ना?"

"ऑगस्टात कुठून आणलास? यंदा पंचांगात सहावा महिना दोनदा आलाय. म्हणून क्वान-कुंग देव काय दोनदा जन्म घेणार? पहिल्या सहाव्यातली चोवीस धरायची. विद्यापीठात शिकवतात तरी काय तुम्हाला!"

चूक तिचीच होती. फोनमध्ये सहाव्या महिन्याची चोवीस शोधली तेव्हा फोनने दुसऱ्या सहाव्यातली दाखवली होती, आणि तिने ती खुशाल खरी मानली. इतकंच नाही, तर जुलै रिकामा आहे असं समजून आपल्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेसाठी अठरा जुलै, दुपारी दोन, ही वेळ स्वतःहून देऊन बसली.

दोन वर्षांचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम तिने चौथ्या वर्षावर आणून ठेवला होता. एकतीस जुलैपर्यंत परीक्षा झाली नाही तर नाव कटणार होतं. बॅटरीतल्या क्षारांवर घालवलेली चार वर्षं पाण्यात गेली असती. तीन परीक्षकांपैकी एक तैपेईहून येणार होते आणि महिनाभरात त्यांना तेवढा एकच दिवस मोकळा होता.

इकडे देवळाच्या समितीने हिवाळ्यातच वस्तादांना ऐकवलं होतं की यंदाच्या खेळात हात असाच हलला तर पुढच्या वर्षी पडदा लावून सिनेमा दाखवू, देवाला काय, तोही चालतो. तेव्हा म्याओ-यिनच सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझे हात आहेत ना." त्या एका वाक्यावर वस्तादांनी सात महिने तिला लाल तोंडाच्या क्वान-कुंगची चाल घोटून दिली होती.

 परीक्षेचं वस्तादांना न सांगताच ती स्कूटरवर बसली आणि ताइनानच्या उन्हात विद्यापीठाकडे निघाली. वेळ बदलणं एकाच माणसाच्या हातात होतं, त्या म्हणजे तिच्या मार्गदर्शक थांग मॅडम. प्रयोगशाळेतली सगळी मुलं त्यांना पाठीमागे मालकीणबाई म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. सकाळी नवाला कोण आलं, रात्री कोण किती वाजता गेलं, सगळं त्यांना तोंडपाठ असे. यंत्रांनी रुसू नये म्हणून तैवानी रिवाजाप्रमाणे प्रत्येक यंत्रावर ठेवलेल्या हिरव्या पाकिटातल्या मक्याच्या खाऊची मुदतसुद्धा त्या स्वतः तपासत.

अशा बाईंनी म्याओ-यिनला चार वर्षं दर बुधवारी दुपारची सुट्टी दिली होती, तिच्या आजीसाठी.

आजी खरोखर आजारी होती, हे आधी सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी म्याओ-यिन बुधवारी तिला दवाखान्यात न्यायची. नववर्षाच्या सुट्टीत, प्रयोगशाळा बंद असताना, आजी गेली. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मॅडमनी विचारलं, "आज आजीकडे ना?" आणि हिच्या तोंडून "हो" निघून गेलं. घरी एकटीला बसवेना, म्हणून ती, लहानपणी आजी जिथे बाहुल्या बघायला न्यायची, त्या देवळात जाऊन बसली. पुढच्या बुधवारी वस्तादांनी हातात बाहुली दिली. रजा आजीच्या नावावर चालू राहिली. दर सणाला मॅडम कोंबडीच्या अर्काच्या बाटल्यांचा डबा देत. "म्हाताऱ्या माणसाला ताकद येते," म्हणत. म्याओ-यिन दोन्ही हातांनी डबा घेई, वाकून आभार मानी, आणि चार दिवस स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघत नसे.

मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"मॅडम, अठरा तारखेचं बोलायचं होतं. वेळ जरा बदलता आली तर..."

मॅडमनी चष्मा काढला. चेहरा उतरलाच त्यांचा. "आजी का? जास्त झालंय?"

म्याओ-यिनला वाटलं, झालं, सुटले. नुसती मान हलवायची. मॅडम स्वतः तैपेईला फोन करतील, हातापाया पडून दुसरा दिवस मिळवतील, आजीसाठी नक्की करतील. परीक्षाही वाचेल आणि खेळही. तिची मान अर्धी हललीही होती. मग टेबलाखाली तिला नवा डबा दिसला, लाल कागदात बांधलेला. तिला स्वतःची किळस आली.

"आजी नाही, मॅडम. आजी तीन वर्षांपूर्वीच गेली."

एका दमात तिने सगळं सांगितलं. देऊळ, वस्ताद, बाहुल्या, बुधवार, कॅलेंडरचा घोळ.  

"माझी आई बुधवारीच डायलिसिसला जायची," मॅडम म्हणाल्या. "मी एकदाही तिच्याबरोबर गेले नाही. इथे मीटिंग असायची. म्हणून तुला सोडत होते." चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. "परीक्षा अठरालाच होईल. दोन वाजता. येणं न येणं तुझ्यावर. जा आता."

देवळात परतून तिने परीक्षेचं सांगितलं तेव्हा वस्तादांनी बाहुल्यांची पेटी पुसत ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत.

"दोनला तुझं सुरू होणार. संपणार कधी?"

"सव्वातीन, साडेतीन. सांगता येत नाही."

"मग तीनचं नांदीचं मी करतो. देवाला मी चाळीस वर्षं ओळखतो, बोट हललं म्हणून तो काही उठून जाणार नाही. समितीचं मात्र सांगता येत नाही. तू मुख्य खेळाला ये. आलीस तर."

"येते म्हणजे येते, वस्ताद."

"बोलू नकोस. ये."

अठराला तिने परीक्षकांसाठी जेवणाचे डबे, कापलेला पेरू, चहा, सगळं मांडलं आणि पडद्यासमोर उभी राहिली. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. तीन आठवडे त्यांनी तिच्याशी कामापलीकडे एक शब्द काढला नव्हता, पण प्रबंधाचं पानन् पान लाल शाईने तपासून दिलं होतं.

भाषण पंचवीस मिनिटांत उरकलं. तैपेईचे गृहस्थ प्रश्न विचारायला बसले ते ऐसपैस. पेरूची फोड खात त्यांनी तिसऱ्या आलेखातला एक उंचवटा धरला आणि सोडायलाच तयार होईनात. तीन वाजले. देवापुढे उदबत्त्या लागल्या असतील. वस्तादांनी बाहुली चढवली असेल.

"हा उंचवटा अशुद्धीमुळे नाही हे कशावरून?"

उत्तर तिला येत होतं आणि आठवत नव्हतं. तिने दीर्घ श्वास घेतला, बाहुली वर काढण्याआधी घ्यायचा तसा, आणि पहिल्यापासून सांगायला लागली. तिचं तिलाच कळलं नाही, पण ती हातांनीही सांगत होती. क्षार कुठे साचतात, कुठे फुटतात, बोटांनी हवेत दाखवत होती. गृहस्थांनी पेरू खाली ठेवला.

तीन वीसला तिला बाहेर काढलं. आत निर्णय, बाहेर ती. कॉरिडॉरमध्ये हेल्मेट हातात घेऊन ती उभी होती. निघावं तर चार वर्षं जातील, थांबावं तर वस्ताद. तिला रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

दार उघडलं. मॅडम एकट्याच बाहेर आल्या, हातात सह्यांचा कागद.

"पास. दोन दुरुस्त्या आहेत." त्यांनी कागद पुढे केला. तीन सह्या होत्या. चौथी जागा, मार्गदर्शकाची, कोरी होती. "माझी राहिलीय. माझ्या बुधवारांचं काय झालं ते बघितल्याशिवाय मी करणार नाही. दुसरं हेल्मेट आहे का?"

थांग मॅडम म्याओ-यिनच्या स्कूटरवर मागे बसून देवळात आल्या, हे प्रयोगशाळेत पुढे कुणालाच खरं वाटलं नाही.

नांदी संपत आली होती. देवळासमोरच्या लाकडी मंचावर तिसरी बाहुली देवाला नमस्कार करत होती आणि तिचं डोकं लटपटत होतं. समितीचे दोघे हाताची घडी घालून बघत होते. म्याओ-यिन मागच्या शिडीने चढली. वस्तादांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. त्यांनी वळूनही पाहिलं नाही, फक्त अर्धं पाऊल बाजूला सरकले. तिने क्वान-कुंग हातावर चढवला.

लाल तोंडाचा देव मंचावर आला आणि डोकं जराही हललं नाही. तिने चाल चालली, दाढी कुरवाळली, भाला फिरवला. वस्ताद तिच्या कानाशी गात होते. तासभर तिला परीक्षा, कागद, मॅडम, काहीही आठवलं नाही. आठवली ती आजी, पहिल्या रांगेत बसून शेंगदाणे सोलणारी.

झांज थांबली तेव्हा समितीचे दोघे देवाला वाकून निघून गेले. पुढच्या वर्षीच्या सिनेमाचं कुणी नाव काढलं नाही. समोर लाल प्लॅस्टिकच्या एका स्टुलावर मॅडम तेवढ्या बसून होत्या. मग उठून त्या शिडीपाशी आल्या.

"त्या अर्काच्या बाटल्या कोण प्यायलं?"

म्याओ-यिनने खाली मान घातली. वस्तादांनी थरथरता हात वर केला. "मी, बाई. कुणाच्या आहेत ते मला माहीत नव्हतं. फार चांगल्या होत्या. त्यांच्यावरच इथवर आलो."

मॅडम त्या हाताकडे बघत राहिल्या. मग बाहुल्यांच्या पेटीवर कागद पसरून त्यांनी सही केली.

"शिफारसपत्र मात्र मागायला येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "ते मी लिहिणार नाही."

"नाही मागणार, मॅडम." तिने हेल्मेट उचललं. "मी स्टेशनपर्यंत सोडू का तुम्हाला? मला सातला परत दुसरा खेळ आहे, पण..."

"माहीत आहे. बाहेर फळ्यावर लिहिलंय."

त्या परत गेल्या, स्टूल उचलून मंचाच्या थोडं जवळ ठेवलं, आणि पर्स मांडीवर घेऊन सात वाजायची वाट बघत बसल्या.