गेनर, धुऊ नकोस

वर्गातली फ्रेया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिरली तेव्हा गेनर शेवटची बशी पुसत होती. बाह्या कोपरापर्यंत वर, गाल लालबुंद, आणि खिडकीखाली काचेच्या सगळ्या बशा उपड्या घालून ओळीनं निथळत ठेवलेल्या.

"कुणीतरी अशीच टाकून गेलं होतं बघ," गेनर म्हणाली. "कडेला निळी पपडी धरलेली. घासून घासून जीव गेला."

फ्रेया दारातच उभी राहिली. "गेनर, ते आमचे स्फटिक होते."

"काय होते?"

"स्फटिक. आठवडाभर वाढत होते गं ते."

हे सगळं गेनरनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, मागच्या भिंतीशी उभं राहून. तिच्या आणि माझ्या परसात कमरेएवढी भिंत आहे, आणि आमचं निम्मं आयुष्य त्या भिंतीवर कोपर टेकून गेलंय. उरलेलं निम्मं शाळेच्या स्वयंपाकघरात. मुलांना जेवण वाढायचं, ताटं गोळा करायची, धुवायची. उष्टं भांडं दिसलं की आमचा हात आपोआप पाण्यात जातो, डोक्याला विचारत नाही. त्या निळ्या पपडीत तिला कुणाचं तरी वाळलेलं कस्टर्ड दिसलं असणार. मला दुसरं काही दिसलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ज्यांनी शाळेत विज्ञान धड घेतलं नाही, त्यांना आमच्या इथलं विद्यापीठ आधी एक वर्ष पाया शिकवतं आणि पास झालं तर पदवीला घेतं. गेनरनं पन्नाशीत स्वयंपाकघर सोडून ते वर्ष धरलं होतं. तिला खडक शिकायचे होते. लहान असताना ओहोटीच्या वेळी ती खाडीवर जायची आणि खिसे भरून दगड आणायची. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, कारण तेव्हा आमच्या गल्लीत सगळेच सोडायचे. पण ते दगड अजून तिच्या जिन्याच्या पायऱ्यांवर आहेत. क्लाइव्ह, तिचा नवरा, तेव्हा बस चालवायचा. तो रोज त्यांना अडखळतो आणि रोज शिव्या घालतो.

"शून्य वर्ष म्हणतात त्याला," क्लाइव्ह मला सांगायचा. "नावातच सांगून टाकलंय काय मिळणार ते. नापास झाली तर घरी, पास झाली तर पहिलीत! पदवी हातात येईस्तोवर हिच्या तोंडात दात राहतील का?"

"तुझ्या तोंडात आहेत का आत्ता?" गेनर आतून ओरडायची.

त्या संध्याकाळी मात्र ती ओरडली नाही. "उद्यापासून जात नाही मी," ती म्हणाली. "ती पोरं काही बोलली नाहीत गं. नुसती बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं."

मला राग आला. तिचा नाही, त्या बशांचा. "मग काय करणार आहेस?" मी म्हटलं. "इथं उभी राहून माझे कपडे वाळताना बघणार? काहीतरी भाज आणि घेऊन जा."

तिनं तव्यावर बेदाण्यांचे वेल्श केक भाजले, डबाभर. प्रयोगशाळेत खायला बंदी. म्हणून सगळी तुकडी बाहेर समुद्राच्या कठड्यावर बसली. धुकं इतकं दाट होतं की पलीकडचं पाणी नुसतं ऐकू येत होतं. त्यांचे मास्तर, डॉक्टर प्रिचर्ड, तिसरा केक उचलताना म्हणाले, "मोरचुदाचं निळं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा. बाकी, इतक्या स्वच्छ बशा या इमारतीनं पाहिल्या नव्हत्या."

पुढच्या आठवड्यात खिडकीतल्या प्रत्येक बशीवर फ्रेयाच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. गेनर, धुऊ नकोस. ती इतकी हसली की शेवटी तिला रडू आलं.

मग हिवाळाभर ती मनानं कुठेतरी वेगळ्याच मुलखात राहत होती. कपडे वाळत घालताना मध्येच थांबायची. म्हणायची, मला स्वप्न पडलं, बेथन. आपलं स्वयंपाकघर होतं, सगळ्या ताटांत निळं पाणी होतं आणि कुणालाच घाई नव्हती. एकेक मूल येत होतं, ताटात बघत होतं आणि हळूच निघून जात होतं. मी म्हणायचे, तुला झोप कमी पडते. पण ते स्वप्न मला पडलं असतं तर आवडलं असतं, हे खरं आहे.

वसंतात क्लाइव्हच्या डोळ्यांनी दगा दिला. साखर डोळ्यांत उतरली, असं डॉक्टर म्हणाले. बसचा परवाना गेला. जूनमध्ये गेनरचा निकाल लागला. पास, आणि चांगल्या गुणांनी. पदवीची जागा पक्की.

त्या दिवशी आम्ही तिघं भिंतीशी होतो. क्लाइव्ह वर्षभर टोमणे मारत आला होता, आता तोच हट्टाला पेटला. "तू जायचंस. घरचं मी बघतो."

"बघतोस कशानं?" गेनर म्हणाली. तिघंही हसलो. घरात एक पगार तर यायलाच हवा होता. हे तिघांनाही ठाऊक होतं.

प्रिचर्डांनी तिची जागा वर्षभर राखून ठेवली. ते वर्षही गेलं.

गेनर आता पुन्हा माझ्या शेजारी उभी राहून ताटं धुते. परवा न राहवून मी विचारलं, "खरं सांग, त्या वर्षानं काय दिलं गं तुला? पदवी नाही, काही नाही."

तिनं नळ बंद केला. हात पुसले.

"मला वाटायचं, भांड्यात काही उरलं की ते खरकटंच," ती म्हणाली. "आता मी आधी बघते." मग म्हणाली, "मला जायचं होतं गं बेथन. फार जायचं होतं."

मी तिच्या दंडावर ओला हात ठेवला. दुसरं काय करणार?

स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याची एक जुनी बरणी आहे. तिच्यात तुरटीचं पाणी, आणि दोऱ्याला टांगलेला एक खडा, बोराएवढा, काचेसारखा स्वच्छ. कोन इतके नीट की कुणी कापून केलेत असं वाटावं. रोज थोडा थोडा वाढतो म्हणे, मला कळत नाही. बरणीवर फ्रेयाच्या हातची ती चिठ्ठी आहे, वाफेनं मऊ पडलेली.

दुपारी सगळी मुलं गेली. गेनरनं ताटं धुतली, पातेली धुतली, बेसिन घासलं. मग फडकं पिळून खिडकीचा कट्टा पुसायला घेतला. बरणीपाशी आली आणि तिचा हात थांबला. तिनं बरणी उचलली नाही. तिच्या भोवतीनं हलकेच पुसून घेतलं.