गुरुवार, दुपारी चार

टेलिफोनवाल्या मावशींचा उजवा खांदा आखडला, तेव्हा त्यांना पहिली काळजी पडली ती अंबाड्याची. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले, पण अंबाडा कधी सैल होऊ दिला नाही. आता हात कानापर्यंत यायचा आणि तिथेच हटून बसायचा. घरात दुसरं माणूस असतं तर म्हणाल्या असत्या, "जरा घालून दे गं." पण घरात होतं कोण? चार भिंती!

दूर राहणारा मुलगा रविवारच्या फोनवर म्हणाला, "आई, कापून टाक ना केस. सुटसुटीत होईल."

"आधी तुझी जीभ कापते," म्हणून मावशींनी फोन ठेवला. मग वाईटही वाटलं. आता पुढच्या रविवारपर्यंत कुणाचा फोन येणार नव्हता.

सरकारी दवाखान्याने फिजिओथेरपी लिहून दिली आणि विमा कार्यालयाने योजनेत बसणाऱ्या उपचार केंद्रांची यादी हातात ठेवली. अकरा नंबर. मावशी खूश! फोन लावणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पेन्सिल घेऊन, जुन्या शिस्तीत, त्या एकेका नंबरापुढे नोंद करत गेल्या. पहिला बंद. दुसऱ्या ठिकाणी आता चष्म्याचं दुकान. तिसरा योजनेचं नाव ऐकताच म्हणाला, "ते आम्ही सोडलं हो," आणि चहा प्यायला उठल्यासारखा गायब झाला. चौथा दोन बस बदलून, वर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे खांदा सुधारायला जायचं आणि गुडघे घालवून यायचं! पाचव्यापासून दहाव्यापर्यंत कोणी उचलेचना.

अकरावा लागला. मागच्याच गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. पोरसवदा आवाज होता. "योजनेतून घेते ना मावशी. पण रांग आहे, सहा आठवडे थांबाल?"

थांबतील नाही तर काय करतील? मावशींनी नंबरापुढे लिहिलं, "लागला."

सहा आठवड्यांनी, गुरुवारी चार वाजता, त्या पोरीने मावशींच्या खांद्यावर गरम पिशवी ठेवली आणि मग आपला हात ठेवला. मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखलं का?"

"हो," मावशी म्हणाल्या. साफ खोटं. नवरा गेल्याला चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. वाणीसुद्धा पिशवी फळीवर ठेवून मोकळा व्हायचा.

दर गुरुवारी हात किती वर जातो ते पोरगी कोन मोजायच्या पट्टीने मोजायची आणि फॉर्मवर लिहायची. हात पूर्ण वर गेला, की योजनेचे उपचार बंद. हा नियम कळला मात्र, आणि मावशींचा हात सुधारायचाच थांबला! उपचारांच्या सातव्या आठवड्यात कानाशी आला की "आई गं!" आठव्यातही "आई गं!" घरी मात्र वरच्या फळीवरचा डबा खुशाल काढायच्या. आयुष्यभर लबाडी केली नाही, ती बाई या वयात शिकली.

नवव्या गुरुवारी पुन्हा "आई गं!" झालं. पोरीने पट्टी खाली ठेवली.

"मावशी, अंबाडा छान झालाय. कोणी घातला?"

मावशींनी अंबाडा चाचपला. सकाळी हात पहिल्यांदाच मानेमागे पोचला होता. आनंदाच्या भरात त्यांनी आकड्यांसकट घट्ट अंबाडा घातला आणि दुपारपर्यंत विसरूनही गेल्या. "शेजारणीने" असं अगदी ओठांवर आलं. पण पहिल्याच दिवशी याच पोरीला त्यांनी सांगितलं होतं, माझ्याकडे कुत्रंही फिरकत नाही.

"मीच घातला," त्या म्हणाल्या. "इथे आलं की बरं वाटतं गं. दुसरीकडे कुठे जाऊ मी?"

पोरीची नजर टेबलावर गेली, मागोमाग मावशींचीही. तिथे थांबलेल्यांची यादी होती. पंधरा-वीस नावं. त्या यादीतले सहा आठवडे मावशींनी एकटीने काढले होते, केस विस्कटलेले घेऊन. त्यांनी उजवा हात उचलला आणि सरळ छताकडे नेला.

"लिही. आणि पुढचा नंबर सांग, मी लावते. तुझे हात तेलाचे आहेत."

पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला. मावशींनी सांगितलं, "गुरुवारी चारची वेळ रिकामी झालीय. या तुम्ही."

"खरंच? अहो, दोन महिने फोनकडे डोळे लावून बसलेय! आपण कोण?"

"मी फक्त फोन जोडून देते," मावशी म्हणाल्या आणि घाईने फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी पावणेचारला मावशींनी केस विंचरले, अंबाडा घातला, विम्याचं कार्ड पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या. दाराला कुलूप लावता लावता त्यांना आठवलं. त्या आत आल्या, चपला काढल्या आणि फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. रविवारला अजून तीन दिवस होते.