अल्लीपूरची पाच मिनिटं

"पाच मिनिटं डोळा काढायचा नाई, काकाजी. शिंक आली तरी नाई."

"सात पंचेचाळीसच्या नंतर आली तं चालते ना?" असं म्हणत महादेवरावांनी दुर्बिणीच्या हलणाऱ्या पायाखाली छपराच्या कवेलूचा तुकडा सरकवला.

मी गंभीर, ते थट्टेवर. आमचं लहानपणापासून असंच चालत आलंय. महादेवराव हे आमचे अल्लीपूरचे शेजारी, मधे फक्त एक काटेरी कुंपण. मी आता वर्ध्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि सिंदी मेघेत राहते. ते हिंगणघाटच्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं पावसाच्या आकड्यांचे कारकून होते. कुठल्या गावी किती मिलिमीटर पडला, ते रोज गोळा करून वर कळवायचं, एवढंच काम. वर्षातले नऊ महिने पाऊस नसतोच, तरी रोजचा कागद जायचाच आणि त्यावर एकच शब्द असायचा, 'निरंक'. इतका निवांत माणूस मला माझ्या कामासाठी दुसरा सापडला नसता.

काम असं होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड फिरतात. त्यातला एक दोनशे किलोमीटरहून रुंद आहे, आणि काळा म्हणजे अगदी कोळसा. त्याच्याभोवती एक छोटासा चंद्र फिरतो, जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा. पौषातल्या एका संध्याकाळी हा दगड रोहिणीजवळच्या एका फिकट ताऱ्यासमोरून जाणार होता. तो ताऱ्याच्या आड आला की त्याची सावली जमिनीवरून धावत जाते, आणि सावलीत बसलेल्या माणसाला तारा काही सेकंद विझलेला दिसतो. जागोजागी माणसं बसवून कुठे किती वेळ विझला ते नोंदवलं, की दगडाचा आकार निघतो. आमच्या आकाशमित्र मंडळाने सहा ठिकाणी माणसं बसवली होती. सेलूला धर्मेंद्र, सिंदी मेघेत गच्चीवर मी, आणि अल्लीपूरला महादेवराव.

"इथून शेगावपर्यंत एक धोंडा," काकाजी हिशेब लावून म्हणाले. "अन् त्याच्या मागंमागं आपल्या शिवाराएवढं पिल्लू. त्याचं ते विलायती नाव माह्या तोंडात बसत नाई. मी त्याले काळ्या म्हनतो. अन् लहान्याले बारक्या."

"काकाजी, काळ्याची सावली इथवर येत नाई. तुमच्यापासून दहा-बारा किलोमीटर उत्तरेकडूनच निघून जाते. तुमच्याकडून फक्त बारक्या गेला तं गेला. तोही दीड सेकंद. नाई तं काहीच नाई."

"मंग मले काऊन बसवून राह्यली?"

मी खरं ते सांगितलं. पोरांना बसवलं की ती कंटाळतात, आणि कंटाळली की त्यांना काहीतरी दिसायला लागतं. काही दिसलं नाही तर 'नाही' म्हणणारा माणूस मला हवा होता. काकाजींना हे इतकं आवडलं की त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आयकलं काय? एकतीस वर्षाच्या नोकरीत असं कोनी नाई बोललं मले."

खुर्चीत शकुंतलाकाकू होत्या. शाल, कानाला रुमाल, उजवा हात मांडीवर ठेवलेला. गुढीपाडव्याच्या आठवड्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. नऊ महिन्यांत पाय बराचसा सुधारला होता, धरून धरून त्या अंगणात यायच्या. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. ऐकलेलं सगळं कळायचं, डोळे हसायचे, पण शब्द ओठापाशी येऊन परत फिरायचा. दवाखान्यातल्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते, पाण्याचा पेला, ताट, दुखणारं डोकं. काकाजी ते सकाळ-संध्याकाळ समोर धरायचे. या नऊ महिन्यांत ते कुंपणाबाहेर पडले असतील ते दवाखान्यापुरते. त्यांना हे काम द्यावं असं मला वाटलं त्यात शास्त्र किती होतं आणि त्यांची कीव किती, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं.

चार संध्याकाळी येऊन मी त्यांना तारा ओळखायला शिकवलं. एक छोटं यंत्र दिलं. ते उपग्रहावरून वेळ घेऊन दर सेकंदाला टिक् वाजवतं, दर मिनिटाला वेळ सांगतं आणि आजूबाजूचा आवाजही टिपतं. तारा विझला की एकदा वाजवायचं, परत दिसला की पुन्हा. वाजवायला काकाजींनी आपल्या जुन्या सायकलची घंटी लाकडाच्या ठोकळ्यावर बसवून घेतली होती. पाचव्या संध्याकाळी खरा प्रसंग होता, आणि त्या दिवशी मी माझ्या गच्चीवर असणार होते.

"काकूंजवळ कोणाले बसवू काय?" निघताना मी विचारलं.

"बसन माह्याजवळच. आत एकटी ठेवून माहा जीव लागनार नाई दुर्बिणीत."

त्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. सात बेचाळीसला माझा तारा पटकन गेला, कोणी फुंकर मारावी तसा. अकरा सेकंद नव्हता. मी गच्चीवर एकटीच ओरडले. धर्मेंद्रचा फोन आला, सेलूला पंधरा सेकंद मिळाले होते. काळ्या तर आमच्या हातात आला होता. आता प्रश्न बारक्याचा होता. तो सात त्रेचाळीसच्या आसपास मागून जाईल असा अंदाज होता, आणि गेलाच तर अल्लीपूरवरून. त्या एका घंटीसाठी मी दोन महिने नकाशे काढले होते. आठच्या आत काकाजींना फोन लावला.

"माह्याकडून चूक झाली, पोरी," ते म्हणाले. "पाच मिनिटं पुरी नाई झाली. उद्या ये." आणि फोन ठेवला.

मग मी धर्मेंद्रला जे बोलले ते इथे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. म्हाताऱ्याने ऐन वेळी घात केला, मी म्हणाले. पाच मिनिटं बसवलं नाही त्याच्याच्यानं.

"तू कायले डोकं लावतं?" धर्मेंद्र म्हणाला. "निरंक टाकून दे अल्लीपूरचं. घंटी वाजली नाई ना? मंग झालं. कोनाले समजते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लीपूरला जाताना मी हाच विचार पक्का केला होता. काकू ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. काकाजींनी दुर्बीण पुसून, झाकण लावून, भिंतीशी उभी केली होती. माझ्याकडे नीट बघत नव्हते. मी बसल्या बसल्या म्हणाले, "जाऊ द्या काकाजी. आपन निरंक लिहून देऊ."

"निरंक कसं लिहायचं?" त्यांनी मान वर केली. "निरंक म्हनजे आपन पाह्यलं, अन् नव्हतं. मी पाह्यलंच नाई. एकदा वासरानं पाऊस मोजायचं भांडं लवंडलं होतं, तवाही मी लिहून देलं होतं, मोजला नाही म्हनून. साहेब लय चिडले. चिडू दे. पावसाचं खोटं चालत नाई अन् याचंही चालनार नाई." मग यंत्र माझ्या हातात ठेवत म्हणाले, "आधी आयकून घे. मंग बोल. मी चहा टाकतो."

मी यंत्राला जोडलेली ऐकायची बोंडं कानात घातली.

टिक्, टिक्, टिक्. लांब कुठेतरी कुत्रं. कोणाच्या तरी शेतातली मोटार. काकाजींचा श्वास, अगदी जवळ. सात चाळीस. सात एकेचाळीस. एकदा घसा खाकरला, तोही हळूच, कोणाची झोपमोड होऊ नये तसा. सात बेचाळीस झाले, माझ्या गच्चीवरचा तारा विझला आणि परत आला असेल तो हाच वेळ. काकाजींची घंटी गप्प होती, ती असायलाच हवी होती. माणूस जागचा हलला नव्हता. मला आदल्या रात्रीचे माझे शब्द आठवले आणि मी मान खाली घातली.

आणि मग एक बाईचा आवाज आला. जाड, घोगरा, शब्दाशब्दाला अडकलेला.

"आवो… या ना… आता."

खुर्ची आपटल्याचा आवाज. काहीतरी कलंडलं. "काय?" काकाजींचा आवाज एकदम दूर गेला. "काय म्हनलं? शकुंतला? पुन्हा म्हन. म्हन ना. आलो मी, हे पाह्य, आलो. म्हन ना वं एकदा." टिक्, टिक्, टिक्. "या ना आता म्हनलं तू. हाव ना? तूच म्हनलं ना?" मग बराच वेळ नुसत्या टिक् टिक्, आणि त्यांच्या मागे एका म्हाताऱ्या माणसाचं रडणं, जे मी ऐकायला नको होतं.

सात पंचेचाळीसच्या जरा आधी ते यंत्राजवळ परत आले. आवाज कचेरीतला करून बोलले, "अल्लीपूर. बेचाळीसनंतर तारा पाहिलेला नाही. घंटीच्या भरवशावर राहू नये. चूक माझी आहे. महादेव."

मी बोंडं काढली. ती हाक माझ्या ओळखीची होती. आम्ही लहान असताना रोज दिवेलागणीला कुंपणापलीकडून यायची. काकाजी अंगणात उभं राहून ढग बघत राहायचे, ढग नसले तर चांदण्या, आणि काकू दारातून ओरडायच्या, आवो, या ना आता, भाजी थंडी होऊन राह्यली. माझी आई त्या हाकेवर आमची पानं मांडायची. काल नऊ महिन्यांनी काकूंनी त्यांना पुन्हा तसंच पाठमोरं, आकाशाला लागलेलं पाहिलं, आणि पत्त्यांवरच्या पाण्याने आणि ताटाने जे झालं नाही ते आपसूक झालं.

काकाजी कपबशी घेऊन आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बारक्या तवाच गेला असन काय?"

"गेला असन. नसनही गेला. आता समजनार नाई."

"तुही दोन महिन्याची मेहनत होती."

"काकाजी, मीही उठली असती," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. आदल्या रात्री बोलले तेही सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "बरोबर बोलली. घात तं झालाच. पन तिले सोडून मी परत दुर्बिणीशी बसलो असतो तं मले मीच आवडलो नसतो."

यंत्रातला आवाज त्यांच्या फोनमध्ये टाकून देऊ का, असं मी विचारलं. त्यांनी ओसरीवरच्या काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, दे. मी टाकून दिला आणि, विचार न करता, लागतोय का बघायला तिथेच सुरू केला. काकूंनी तो आवाज ऐकला. डाव्या हाताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि कोण बाई आली म्हणून फाटकाकडे पाहू लागल्या.

"कोनी नाई वं," काकाजींनी फोन बंद केला. "तूच हायेस ते." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि थांबले. काकाजींनी घाई केली नाही. त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि उन्हाकडे खुर्ची जरा वळवून दिली.

मी निघाले तशी ते आतून एक वही घेऊन आले. शाळेतल्या पोरांची साधी वही, पट्टीने रकाने आखलेले. तारीख, वेळ, शब्द. पाडव्यानंतरच्या आठवड्यापासून रोजच्या दोन ओळी, सकाळची आणि संध्याकाळची. प्रत्येक ओळीत शब्दाच्या जागी एक आडवी रेघ होती, तीही पट्टीने ओढलेली. मी पानं उलटत गेले. पाचशेच्या वर रेघा असतील. मला वाटलं होतं मी या माणसाला निरीक्षण शिकवलं.

शेवटच्या पानावर कालच्या संध्याकाळच्या ओळीत शाईने लिहिलं होतं, 'आवो, या ना आता'. वेळेचा रकाना तेवढा कोरा होता.

"घड्याळ पाह्यचं सुचलंच नाई मले," काकाजी जरा ओशाळून म्हणाले. "तुह्या यंत्रात असन ना?"

मी बोंडं पुन्हा कानात घातली आणि टिक् मोजत गेले. चुकू नये म्हणून तीनदा मोजले. "सात बेचाळीस, एक्कावन्न सेकंद."

"उपग्रहाची वेळ हाय ना ही? पक्की?"

"पक्की, काकाजी."

त्यांनी चष्मा लावला, वही गुडघ्यावर घेतली आणि रकान्यात बसतील अशा बारीक आकड्यांत ७.४२.५१ लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून ठेवली. खाली आज सकाळची ओळ होती, आणि तिच्यात रेघ ओढून झाली होती.